बुशाला घातलेला टाका

अर्धी वाट सरली तेव्हा ऊन पाठीवर चढलं होतं, आणि बिजलीबाईने तिसऱ्यांदा पदराची गाठ चाचपून पाहिली.

"हाय नं?" विमलताईंनी विचारलं.

"हाय. पर रस्त्यावर कोनाचा भरवसा?"

रस्त्यावर त्या दोघींशिवाय एक म्हैस होती, आणि तीही पाठमोरी.

गाठीत बिजलीबाईच्या जुन्या पिकअपमधून काढलेला बुश होता. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाला, पिनेभोवती बसतो तो रबराचा जाड गोल. धक्का तो खातो म्हणून वर बसलेल्यांची हाडं वाचतात. एकदा बसवला की वर्ष-दोन वर्षं त्याचं नाव घ्यावं लागत नाही. बिजलीबाईच्या गाडीचे बुश मात्र चार-पाच महिन्यांतच मरत होते, लागोपाठ दुसऱ्यांदा. गेल्या आठवड्यात सोयाबीन सोंगायला बाया घेऊन जाताना गाडी खडकन एका अंगावर गेली, आणि मागे उभ्या असलेल्या जमनीचा हात फाळक्यावर आपटून सुजला. तेव्हापासून गाडी तांड्यातल्या निंबाखाली उभी होती आणि बारा बाया पायी वावरात जात होत्या.

घाटंजीचा उकंडा मिस्त्री नकली माल घालतो, हा बिजलीबाईचा निकाल होता. तो तिने मागच्या बाजारात, भर गर्दीत, त्याच्या गॅरेजसमोर उभं राहून सांगूनही टाकला होता. दोघातिघांनी आपल्या गाड्या तिथून उचलून दुसरीकडे नेल्या. आता उरलं होतं ते देवीपुढचं. केळापूरच्या जगदंबेपुढे बुश ठेवायचा आणि म्हणायचं, मी खोटी असेन तर माझं वाटोळं, खरी असेन तर त्याचं. बिजलीबाईच्या तांड्यात देवीपुढे घेतलेली शपथ कोणी मागे घेत नसे. त्यानंतर उकंडाच्या हातचं पाणीही तांड्यातल्या कोणाला चाललं नसतं, मग गाडी देणं दूरच.

विमलताई तांड्याशेजारच्या गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. घाटंजीच्या मीटिंगला त्या याच गाडीने जात, म्हणून बिजलीबाईने त्यांना साक्षीदार धरलं होतं. नवरात्रात केळापूरला चालत जाण्याचा त्यांचा नेम होताच. पण दर वर्षी ज्या वाटेने त्या मनातल्या मनात देवीचं नाव घेत जात, त्या वाटेवर आज नाव ओठांवर ठरत नव्हतं. एखाद्याचं वाटोळं मागायला आपण अनवाणी चाललो आहोत, हे पायांखालच्या गोट्यांपेक्षा जास्त टोचत होतं.

बिजलीबाई पहिल्यापासून अशी नव्हती, असं तांड्यातले म्हातारे सांगत. तिचा नवरा भीमसिंग साऱ्या जगावर विश्वास टाकणारा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तो बैलबाजारातून एक देखणा बैल घेऊन आला. घरी आल्यावर बिजलीबाईने वैरण टाकली तर बैल एका बाजूची वैरण खाईना. डावा डोळा आंधळा होता. विकणारा सारा वेळ त्याच डोळ्याशी उभा राहून मान खाजवत होता आणि भीमसिंग त्याचं कौतुक करत होता, बैलावर किती जीव आहे म्हणून.

त्या दिवसापासून ती प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू पाहू लागली. भीमसिंग गेला, पिकअप तिच्या नावावर आली. ठेवलेला ड्रायव्हर डिझेल चोरतो या संशयावरून ती टाकीत काडी बुडवून खूण करू लागली. ड्रायव्हर कंटाळून पळाला, तेव्हा एकोणपन्नासाव्या वर्षी ती स्वतः स्टिअरिंगवर बसली. लायसन्स काढायला गेली तर फोटो काढणाऱ्याला म्हणाली, "माह्याच मुंडक्याचा काढला नं? दाखव." देवीला वाहायचा नारळ ती कानाशी हलवून घेत असे, आणि दिव्याचं तेल समईत पडेपर्यंत पुजाऱ्यासमोरून हलत नसे.

मग बुशांचं कसं सोडणार होती? मागच्या खेपेला नवे बुश आले तेव्हा तिने दाभणात लाल दोरा ओवला, आणि प्रत्येक बुशाच्या बाहेरच्या कडेला एकेक टाका घातला. घागऱ्यावर आरसा बसवतात तसा, उलटी गाठ मारून. बदलाबदल नको. उकंडाने बुश हातात धरून तिला टाका घालू दिला. "बाई, आता मोतीबी लावून घ्या," एवढंच तो म्हणाला. विमलताई तेव्हा तिथेच स्टुलावर बसल्या होत्या.

"टाका तं जाग्यावरच हाय," विमलताई आता चालता चालता म्हणाल्या. "म्हंजे त्यानं बदलले नाई."

"बदलले नाई. आनलेच नकली. थे जास्त वाईट."

"अन् थो म्हने, मांगच्या चाकाचं ऑईल सील गळून राह्यलं?"

"तेच तं. बुश काळे, तेलकट निंगाले, मंग सीलचं नाव घेतलं. सील खोललं तं सील ठनठनीत. चोर पकडला की दुसरं दार दाखवते."

खरं तर विमलताईंनाही उकंडाचा संशय येऊ लागला होता. बाजारात बिजलीबाई बोलत होती तेव्हा त्यांनी मान हलवली होती, आणि उकंडाने ती मान पाहिली होती.

एका पळसाखाली दोघी टेकल्या. बिजलीबाईने पिशवीतून भाकरी काढली, पाण्याची बाटली काढली, आणि देवीच्या दिव्यासाठी आणलेली तेलाची बाटली झाकण घट्ट आहे ना हे पाहायला उघडून पुन्हा लावली.

"दाखवा तं थो बुश," विमलताई म्हणाल्या.

"कायले?"

"साक्षीदार हाय नं मी? पाहू तरी द्या."

हे तिला पटलं. गाठ सुटली. बुश फुगला होता, भिजत घातलेल्या चण्यासारखा. बोट दाबलं तर बोट आत जायचं. लाल टाका काळा पडला होता, पण सुटला नव्हता. विमलताईंनी तो नाकाशी नेला. काळ्या ऑईलचा वास आला. आणि त्याच्या मागून आणखी एक, ओळखीचा, स्वैपाकघरातला. त्यांनी बुश खाली ठेवला, तेलाची बाटली उघडली, हुंगली, आणि पुन्हा बुश उचलला.

"काकू, याले जवसाच्या तेलाचा वास येते."

"असन."

"गाडीच्या पाट्यात जवस कुठून येईन?"

"माहाच हाय नं थो." बिजलीबाईने भाकरीचा तुकडा मोडला. "दर अमावस्येले गाडीची पूजा करतो मी. कुकू, निंबू, अन् चाकायजवळ पाट्यायवर तेल. माहा सासरा बैलगाडीच्या आसाले असंच वंगन दे. मंग बैल थकत नाई, गाडी कन्हत नाई. नुसतं जवस पुरत नाई, म्हनून त्यात जळकं ऑईल घालतो."

"जळकं ऑईल कुठून आनता?"

"उकंडाच्याच गॅरेजातून. थो फुकट देते. त्याले वाटते मी खांब पोखरनाऱ्या उधईसाठी नेतो."

विमलताईंच्या डोळ्यांपुढे ते स्टूल आलं, आणि उकंडाच्या पायाशी ठेवलेलं फेसाळ पाण्याचं घमेलं. नवा बुश आत सरकत नव्हता, तेव्हा तो त्या पाण्यात बुडवून मग हातोडीने ठोकत होता. तेलाचा डबा शेजारीच होता. तेल काहून नाही लावत, असं त्यांनी सहज विचारलं होतं.

"काकू, त्या दिवशी उकंडा बुश कशात बुडवत होता, आठवते?"

"साबनाच्या पान्यात. थेबी मले खटकलंच होतं. तेल वाचवते म्हटलं."

"मी त्याले इचारलं होतं. थो बोल्ला, ताई, रबराले तेल म्हंजे जहर. फुगते अन् सडते."

बिजलीबाईचा हात भाकरीवर थांबला. तिने विमलताईंकडे पाहिलं, वैरण न खाणाऱ्या बैलाकडे पाहिलं असेल तसं.

"तुले त्यानं सांगून पाठवलं?"

"मले देवीनं पाठवलं म्हना पाह्यजे तं," विमलताई म्हणाल्या. त्यांना राग आला होता, पण आवाज चढला नाही. "आसाले लोखंड राह्यते, काकू. त्याले वंगन पाह्यजे. हे रबर हाय."

"पूजेच्या तेलानं गाडी खराब होते? असं कुठं राह्यते का?"

"देवीच्या कपाळाले तेल कोनी लावत नाई. समईत घालते. ज्याची जागा त्याले."

पळसावरचं एक पान गळून भाकरीवर पडलं, ते बिजलीबाईने उचलून नीट बाजूला ठेवलं. मग ती बोटांवर मोजू लागली. जेठ, आखाड, सावन, भादवा. चार अमावस्या. त्याआधीच्या बुशांच्या पाच. पूजा तिने सुरू केली ती मागच्या दिवाळीच्या अमावस्येला, गाडीला दृष्ट लागते म्हणून. आणि बुश मरू लागले तेही त्यानंतरच.

"चाल," ती उठली. बुश पुन्हा गाठीत गेला.

उरलेली वाट दोघी मागेपुढे चालल्या. बिजलीबाई पुढे, विमलताई मागे. पुढचीच्या मनात काय चाललंय ते पाठीवरून कळत नव्हतं. शपथ घेईल? हिचा काय नेम. आपण खोटे ठरू नये म्हणून माणूस देवीलाही फसवू पाहतो. विमलताईंनी आता मात्र नाव घेतलं, आणि सुटू दिलं नाही.

केळापूरच्या रांगेत तासभर गेला. गाभाऱ्यापाशी बिजलीबाईने तेलाची बाटली पुजाऱ्याच्या हातात दिली आणि तेल समईत पडेपर्यंत नेहमीसारखी पाहत राहिली. मग तिने पदराची गाठ हातात धरली. मागच्या बाया ढकलू लागल्या, पुजारी "चला बाई, चला" म्हणाला. बिजलीबाई गाठ न सोडताच वाकली, कपाळ उंबऱ्याला टेकवलं आणि आपल्या बोलीत, आईला हाक मारावी तशी पुटपुटली, "याडी, मीच." बाकीचं ऐकू आलं नाही.

बाहेर पायरीवर बसून ती तळपाय दाबत राहिली.

"साबन कोनता होता त्याचा?" तिने विचारलं.

"मले काय माहीत. कपडे धुवायचा असन."

"हं."

मंदिराची घंटा वाजत होती. बिजलीबाईने गाठ सोडली, बुश हातात घेतला आणि नखाने काळ्या टाक्यावरचा तेलकट थर खरवडला. खालून थोडा लाल दोरा दिसला.

"मी त्याले बाजारात बोल्ली, लोकायपुढं," ती म्हणाली. "तं बाजारातच सांगा लागन. घरी जाऊन सांगतलं तं थे सांगनं नाई होत."

"हो."

"पर मले माहं तोंड माहीत हाय, विमल. तिथं गेल्यावर मी म्हनीन, तेल टाकलं खरं, पर माल बी नकलीच होता. शेवटी असंच काई निंघन माह्या तोंडून."

विमलताई हसल्या नाहीत.

"म्हनून तू माह्यासंग चाल," बिजलीबाई म्हणाली. "माह्या बाजूले उभी राह्य. मी 'पर' म्हटलं, का माहा हात दाबजो."