थूलाचं टाकं

नाचणगावच्या पुढं फाट्यावरून आत वळलं की जे गाव लागतं, तिथं कुणाच्या घरामागं पोहण्याचं टाकं असेल असं सांगितलं तर माणूस हसेल. हसलेच लोक. हरिदास थूल रिटायर होऊन घरी बसले आणि मागच्या मोकळ्या जागेत चुन्याची फक्की टाकून त्यांनी चाळीस बाय वीसचा चौकोन आखला, तेव्हा पानठेल्यावर आठ दिवस दुसरा विषयच नव्हता. "थूलबाबू, म्हशी घेऊन राह्यले का जी?" लोक विचारायचे. हरिदास म्हणायचे, "हाओ, तुमालेच बांधाचं आहे तिथं." तोंडाला ते कधी कमी नव्हते.

पाणीपुरवठ्यात ते पंप ऑपरेटर होते. तीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांना पाणी सोडलं. त्या पाण्यानं लोकांनी देव धुतले, सोवळ्यातला स्वयंपाक केला, आणि कुणाला काही झालं नाही. नळाच्या पलीकडच्या टोकाला चावी कोण फिरवतो, हे कोण विचारतो!

"आपली नातवंडं तं पुण्यात," बायको पंचफुला म्हणाली. "दिवाळीचे चार दिवस येते. एवढं टाकं कोणासाठी?"

"गावातल्या लेकरांसाठी."

"कोणाच्या लेकरांसाठी?"

हरिदास फक्कीचं घमेलं उचलून चालू लागले. पंचफुलाला उत्तर ठाऊकच होतं. चाळीस वर्षं संसार केला होता तिनं, त्या विहिरीची गोष्ट तिला तोंडपाठ होती.

विहीर महादेवरावांच्या मळ्यातली. पायऱ्यांची, मोठी, बारमाही पाण्याची. अख्ख्या गावची पोरं पाठीला वाळलेला भोपळा बांधून तिच्यातच पोहायला शिकली. अख्ख्या गावची म्हणजे कुणाची, ते काय सांगायला पाहिजे? हरिदास अकरा वर्षांचा होता. बाप त्याच मळ्यात सालदार. एका दुपारी विहिरीवर कुणी नाही असं पाहून पोरानं उडी टाकली. दोन गटांगळ्या खाल्ल्या, कपारीला धरून वर आला, आणि पाहतो तो पायरीवर महादेव उभा. मालकाचा मुलगा, बरोबरीचाच. महादेव एक शब्द बोलला नाही, घराकडं पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तेलाचं इंजिन लागलं. दोन दिवस विहीर उपसली. आणि इंजिनाचा हँडल मारायला कुणाला लावलं असेल? हरिदासच्या बापाला. पोरगा भाकर घेऊन गेला तेव्हा बाप घामानं निथळत होता.

"बा, विहीर काऊन उपसून राह्यले?"

"गाळ काढून राह्यलो, बाबू," बाप म्हणाला आणि तोंड फिरवलं.

गाळ! पोरगा लहान होता, खुळा नव्हता. बाप मरेपर्यंत दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. हरिदासच्या मनात मात्र एकच गोष्ट बसली: एक दिवस महादेवच्या घरचं लेकरू माझ्या पाण्यात उतरलं पाहिजे. बदला म्हणून नाही हो. उतरलं की झालं, फिटलं सगळं.

टाकं बांधलं बंडूजी मिस्त्रीनं. बंडूजींनी आधीच कान उपटले होते. "काळ्या मातीत बांधून राह्यलो, ध्यानात ठेवजा. पावसाळ्यात हे माती फुगते. टाकं भरलं आहे तवर पाण्याच्या वजनानं दाबून बसते. रिकामं केलं का खालचं पाणी त्याले उचलते. एक वेळ बायको माहेरी धाडा, पण पावसाळ्यात टाकं रिकामं करू नोका." माती दोन हात खोल काढून मुरूम भरला, सळाखी बांधल्या, निळ्या फरशा लावल्या. चैत्रात पाणी सोडलं. त्रिशरण म्हटलं, पेढे वाटले, आणि हरिदास खुर्ची टाकून वाट पाहत बसले.

पहिल्या दिवशी वस्तीतली पोरं आली. दुसऱ्या दिवशी गावातली दोन, तिसऱ्या दिवशी सात. वैशाखाचं ऊन असं पेटलं की कुणाला जात आठवेना! आणि एका सकाळी फाटकाशी महादेवराव स्वतः उभे. नऊ वर्षांच्या नातीचा हात धरून.

"हरिदास, हे आमची अंकिता. शिकव बाप्पा इले, घरात जीव खाऊन राह्यली माह्या."

हरिदासांनी आपली खुर्ची पुढं सरकवली. पंचफुलानं चहा केला, महादेवराव बशी तोंडाला लावून प्याले. अंकिता पाण्यात उतरली तेव्हा हरिदासांनी डोळ्यांवरून गमछा फिरवला आणि म्हणाले, ऊन लई आहे. म्हाताऱ्यानं त्या उन्हाळ्यात पोरीला असं शिकवलं की जूनमध्ये ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायची. "थूल आजोबा, पाहा!" एवढं ओरडायची आणि सूर मारायची. स्वतःच्या नातवंडांनी त्यांना इतकी हाक मारली नव्हती.

आषाढात आठ दिवस झड लागली. उघाड पडली तशी शाळा सुटल्यावर अंकिता आली. तासभर डुंबली आणि घाईघाईनं अंग पुसू लागली.

"बस ना अजून," हरिदास म्हणाले.

"नाई आजोबा. घरी जाऊन आंघोळ कराची आहे. आजी ओरडते."

"बरोबर आहे. औषध असते पाण्यात, अंगाले खाज सुटते."

"नाई, तशी आंघोळ नाई. आजी अंगणातच उभं करते. अंगावर गोमूत्र शिंपडते, मंग पाणी. हे कपडे गोठ्यात वाळू घालते." पोरगी केस पिळत सांगत होती, शाळेतला धडा सांगावा तशी.

हरिदास हसायला गेले, पण ते जमलं नाही. "वर्ध्याच्या टाक्यात गेलती ना तू मामासंग? तिकडून आल्यावर?"

"तिकडून आल्यावर नाई," अंकिता म्हणाली. "तिथंही औषध असते ना पण?"

ती गेली. हरिदासांनी पाण्यावरचा पालापाचोळा काढला, फाटक लावलं. मग चप्पल घालून थेट महादेवरावांच्या घरी. अंगणात दोरीवर काही नव्हतं. गोठ्याच्या खांबाला पोरीचा निळा पोहण्याचा ड्रेस टांगलेला होता.

"महादेवराव, लेकरावर गोमूत्र शिंपडता?"

महादेवराव चाचरले. आत अंकिताच्या आजीनं, कौशल्याबाईंनी, भांडी वाजवली. "अरे हरिदास, बाया हायेत जुन्या वळणाच्या. मी मानतो का? तुह्या घरचा चहा पेलो ना मी? तू काहाले मनावर घेतं?"

"पोरीले सांगतलं नाई तुमी? का हे चूक आहे म्हणून?"

"आता घरात कोण भांडण करते, सांग बरं. पोरगी पोहून राह्यली ना? तुलेबी आनंद, तिलेबी आनंद. सोड."

सोड! पन्नास वर्षांपूर्वी पायरीवर हाच माणूस काही न बोलता उभा होता. आजही त्याला काही बोलायचं नव्हतं. हरिदास वळले आणि घरी आले.

सकाळी उठले ते सरळ पंपाकडं. पाइप टाक्यात सोडला आणि बटन दाबलं. पंचफुला पीठभरल्या हातानं धावत आली.

"अजी, काय करून राह्यले? बंडूजीनं सांगतलं होतं, पावसाळा आहे!"

"माह्या पाण्यातून निघून लेकराले शुद्ध व्हा लागते, तं मले ते पाणी नाई पाह्यजे."

"मंग त्यांच्या लेकरांले नोका घेऊ! टाकं काऊन मारता?"

ऐकतील तर ते हरिदास कसले! तीस वर्षं पंप चालवलेला माणूस, संध्याकाळपर्यंत त्यांनी तळाच्या फरशा कोरड्या केल्या. पाणी नालीतून वाहत महादेवरावांच्या दारावरून गेलं. ते पाहून आपल्याला बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. बरं वाटलं नाही.

पंचफुला म्हणाली होती तेच झालं. तिसऱ्या दिवशी तळाचा मधला भाग हातभर वर आला, फरशा फुटून उडाल्या आणि लांब भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. बंडूजी आले, कडेला उकिडवे बसले, कपाळाला हात लावला. "थूलबाबू, तुमाले सांगून ठेवलं होतं मी. आता हे होत नाई. नव्यानंच बांधा लागते." हरिदास म्हणाले, "ठीक आहे." दुसरं काय म्हणणार? उपसलेली ती विहीर आठ दिवसांत पुन्हा भरली होती आणि पोरं पुन्हा उड्या मारू लागली होती. यांचं टाकं काही भरणार नव्हतं.

दुपारी चारला फाटक वाजलं. शाळेचं दप्तर पाठीवर आणि हातात टॉवेल घेऊन अंकिता आली. घरी तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. टाक्याच्या कडेशी येऊन ती थबकली.

"आजोबा, पाणी कुठं गेलं?"

"काढलं."

"काऊन काढलं?"

हरिदासांनी तिच्याकडं पाहिलं. सांगायला सगळं होतं. जिभेवरच होतं. तिचा आजा, तिची आजी, ती विहीर, सगळं. पोरगी टॉवेल छातीशी धरून वाट पाहत होती.

"गाळ काढून राह्यलो, बेटा," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं.