अप्पांचं मोकळं कपाळ

मंडळी, आज सकाळी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लातूरच्या गंजगोलाईत जुन्या काळातल्यासारखा फोटो काढायला नेलं. हौस माझीच. धोतर, काळा कोट, डोक्याला फेटा, मागे जुनं लाकडी दार.

फोटोग्राफर म्हणाला, "काका, विभूती लई चमकायलीय. पुसता का?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "पुसा की अप्पा, फोटोपुरती."

त्यांनी पुसली.

मग उन्हात बराच वेळ फोटो चालले. पाणी दिलं, नको म्हणाले. चहा आला, तोही नको. मला वाटलं, रुसलेत.

घरी येताच हातपाय धुऊन ते देवघरात गेले, विभूती लावून बाहेर आले आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

"अप्पा, तिथंच का नाही प्यायलात?"

"कपाळ मोकळं होतं न्हवं. तू येवढ्या हौसेनं नेलेलं, तिथं काय बोलायचं?"

विभूतीशिवाय ते पाण्याचा घोटही घेत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तरी विसरले.

फोटो खरंच सुरेख आलाय. त्यातले कोरडे ओठ दुसऱ्या कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. तुम्ही तो भिंतीवर लावला असता का?