खड्ड्यावरचे काका

"उतरतोयस खरा, पळायची वाट बघून ठेवलीस काय?" खड्ड्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला काका हेच विचारायचे. मालकांनाही विचारलं. मालक हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

डिलाईल रोडला, पाडलेल्या गिरणीच्या जागी टॉवर व्हायचा होता. तळघरासाठी पाच मजले खोल खड्डा खणलेला. मी तिथला इंजिनिअर. म्हणजे डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि आत विशेष काही नाही. काका इथल्याच चाळीतले, पण उमेदीची वर्षं गेली चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणीत. तिथले कडे ढासळत नाहीत ना, यावर नजर ठेवायची, हेच काम. निवृत्तीनंतर आमच्याकडेही तेच करत.

भिंतीला भेग दिसली की ते तिच्यावर आडवी काचपट्टी प्लास्टरने चिकटवत, शेजारी तारीख लिहीत. भेग रुंदावली की काच फुटते. पहिल्या दिवशी मी अक्कल पाजळली, "काका, खिडकी बसवताय?"

"होय रे. तुझ्या हापिसात हवा येत नाय ना!"

बहिणीला शीवच्या हॉस्पिटलात ठेवलं म्हणून ते दोन दिवस आले नाहीत. नेमके तेव्हाच मालक येणार होते, आणि एक काच तडकलेली. कुणाचं तरी फावडं लागलं असणार, असं मीच ठरवलं. काच खरवडून फेकली, नवी लावली, सुवाच्य अक्षरात जुनीच तारीख घातली. इतकं सुबक काम आयुष्यात केलं नव्हतं. फोटोसुद्धा काढला.

ते परतले, काचेपाशी थांबले.

"जुनी कुठंय?"

"टाकली. फुटली होती."

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी शिट्टी फुंकली आणि सगळा खड्डा रिकामा केला. मालक धावत आले.

"भिंत सरकतेय. आधी टेकू द्या, मग माणसं उतरवा."

"काच तर अख्खी आहे! इंजिनिअर, फुटली होती का?"

काका माझ्याकडे बघत होते.

"लक्षात नाही, सर," मी म्हणालो.

संध्याकाळी मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना माझ्या हातात शिट्टी ठेवत म्हणाले, "नवी काच रोज बघ."

बघत होतो. सहाव्या सकाळी ती फुटलेली दिसली. मी शिट्टी वाजवली, जीव तोडून वाजवली. एक सोडून सगळे वर आले. पाणी उपसायच्या पंपाच्या घरघरीत त्याला ऐकू गेली नाही. भिंत त्याच्यावर आली.

दुपारी चाळीत गेलो. कबुली पाठ करून गेलो होतो.

"काका, माझ्यामुळे..."

"कोण राहिला खाली?"

"पंपवाला."

"नाव काय त्याचं?"

मला माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं. गावही सांगितलं. मग खुंटीवरचा सदरा चढवला.

"बायकोला कळवलंय कोणी?"

"नाही," म्हणत मी त्यांच्या मागोमाग दाराकडे वळलो.

"मी येतो बरोबर."

"नको."

ते जिना उतरून गेले. त्यानंतर त्यांची भेट नाही. बहिणीला घेऊन गावी गेले म्हणतात. त्या दुपारी मी गॅलरीतच उभा राहिलो. शेजारीण म्हणाली, "बसा, च्या टाकते."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, मी बसलो. चहा प्यालो.