गुरवांचा पहिला प्रश्न

भाईंदरच्या केबिन रोडवर गुरवांचं औषधाचं दुकान होतं. साधी डोकेदुखीची गोळी मागितली तरी ते आधी विचारत, "सकाळपासून दुसरं काय घेतलंय?"

गिऱ्हाईक वैतागे. "अरे भाई, गोली दो ना, पूछताछ क्यों?"

"पोट एकच आहे ना तुमचं? आत आधी कोण बसलंय ते कळायला नको?"

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि मला या माणसाचा संशय येई. चष्म्यावरून बघणार, कमी बोलणार, आणि घराघरातली दुखणी मात्र याला पाठ. "त्याला काही सांगू नकोस," मी सुमनला, माझ्या बायकोला, बजावलं होतं.

तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी आयबुप्रोफेन मागायला गेलो. नेहमीचा प्रश्न आला. "काही घेत नाही ती," मी म्हणालो.

"वहिनी माझ्याकडूनच नेऊन डोक्यासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेतात, साहेब. दोन्ही एकत्र गेल्या तर पोटात रक्तस्राव होईल. मी नाही देणार. डॉक्टरांना विचारा."

हा पाळत ठेवतोय, अशी माझी खात्रीच पटली. तसाच शांती नगरला गेलो. तिथल्या दुकानदाराने काही न विचारता पाकीट दिलं. घरी सांगितलं, गुरवाकडून आणलं.

पंधरवड्याने सुमन ॲसिडिटीची गोळी आणायला त्यांच्याकडे गेली. तिचा पांढराफटक चेहरा बघून त्यांनी विचारलं, "वहिनी, शौचाला काळं होतंय का? गुडघ्यासाठी काही घेताय?"

"तुम्हीच दिलेली गोळी की."

त्यांनी वाद घातला नाही. शटर ओढलं, रिक्षा थांबवली आणि तिला दवाखान्यात नेलं. अल्सरमधून रक्त जात होतं. थोडक्यात वाचली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर शेजारी जमले होते. कोणीतरी विचारलं, आणि मी बोलून गेलो, "गुरवाच्या गोळ्यांनी झालं." मागे वळलो तर हातात डबा घेऊन गुरव उभे.

"साहेब, गुडघ्याची गोळी कुठून आणलीत?"

"तुमचीच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग डबा माझ्या हातात दिला. "पेज आहे. डॉक्टर हो म्हणाले तर वहिनींना कोमट करून द्या."

गिऱ्हाईक तुटत गेलं. वर्षभरात दुकान बंद करून ते रत्नागिरीकडे गावी गेले. तिथेच वारल्याचं परवा कळलं. सुमन म्हणाली, "माझा जीव घेणार होता तो."

सुमन, तो मी होतो. तुला रिक्षात घालून नेणारा तो होता.