जपानी डुक्कर आणि अंघोळीचं तपेलं

शपथेवर सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही. हातातल्या चहाची शपथ!

आता चहा संपत आलाय, तेव्हा शपथही तेवढीच धरा. म्हणजे झालंय काय, की एका जागी मी थोडं जास्तीचं मीठ घातलंय. कुठे ते शेवटी सांगेन. मध्येच ओळखायला जाऊ नका, चुकाल. आजवर सगळे चुकलेत.

तर आमचे आबा. माझे सासरे. मी नोकरी वेळेआधी सोडून सासुरवाडीलाच, नागावात, येऊन राहिलेला माणूस. त्यामुळे अख्ख्या गावाचा भाऊजी. शाळेतली पोरं मला भाऊजी म्हणतात आणि त्यांच्या आज्याही. पर्यटकांना दोन खोल्या देतो, नारळ उतरवून घेतो आणि उरलेल्या वेळात थापा मारतो. या शेवटच्या धंद्यात आबांसारखा भागीदार नाही! तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खलाशी होते. मी मांडव्याच्या धक्क्यावरची एक थाप मारावी, की त्यांनी थेट सिंगापूरची काढावी. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा घरात तेवढा एकच माणूस.

त्या थंडीत आबांना ताप आला. ताप गेला तो जाताना भूक घेऊन गेला. तपासण्या झाल्या, सगळं ठीक. पण आबा जेवेनात. मऊ भात, कोंबडीचा रस्सा, बोंबलाची चटणी, काहीही पुढे ठेवा, दोन घास खाऊन ताट सरकवायचे. "तोंडात फिरतोय घास," म्हणायचे. सुनंदा, म्हणजे माझी बायको, रोज स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

शेवटी तिच्या भावाने पनवेलहून फोन केला. "मी उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. आबांना इकडेच ठेवतो, डॉक्टरच्या जवळ."

आबांनी ते ऐकून मान डोलावली. पण पनवेलला समुद्र दिसत नाही, हे मला माहीत होतं. त्यांना तर होतंच.

मी त्यांच्या खाटेपाशी बसलो. म्हटलं, "आबा, काहीही सांगा. काय खावंसं वाटतंय?"

आबा छताकडे बघत म्हणाले, "जपानात, कोबेला, बंदरामागं एक म्हातारी होती, जावईबापू. डुकराचे चौकोनी तुकडे शिजवून द्यायची. जेवायची काडी लावली की तुकडा दुभंगायचा! तसलं मिळालं तर खाईन."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "उद्या... छे, आजच करतो! हातखंडा पदार्थ आहे माझा."

मी तोवर आयुष्यात डुक्कर शिजवलं नव्हतं. जपानी तर चहासुद्धा नाही.

सुनंदाला सांगितलं, तर ती देवघराच्या आणि गॅसच्या मध्ये उभीच राहिली.

"डुक्कर? माझ्या गॅसवर?"

"अगं, आबांसाठी."

"आबांसाठी मी काहीही करेन, पण डुक्कर बाहेर. आणि माझ्या एकाही भांड्याला हात लावायचा नाही."

"बरं, मागच्या अंगणात करतो."

"मागे माझ्या कांद्याच्या माळा सुकतायत. धूर लागला तर बघा! पुढच्या अंगणात करा. ते अंघोळीच्या पाण्याचं जुनं तपेलं घ्या, नाहीतरी मोडीतच घालायचंय." एवढं बोलून ती अलिबागला मावसबहिणीकडे निघाली. "संध्याकाळी येईन, तोवर उरकून अंगण धुवून ठेवा."

कोर्लईच्या एका मित्राकडून मांस आणलं. मोबाइलवर एक जपानी बाई सापडल्या. बोलत काही नव्हत्या, नुसत्या हसून हसून दाखवत होत्या. आधी मांसाचे मोठे ठोकळे सुतळीने बांधायचे. मग तांदळाच्या धुवणात मंद आचेवर तासन्‌तास उकळायचे, म्हणजे वास जातो. मग मातीच्या भांड्यात सोया सॉस, साखर, आलं आणि तांदळाची दारू घालून मुरवायचे, वरून स्वच्छ कापड टाकायचं. सोया सॉस होता, साखरेच्या जागी गूळ चालेल, दारूच्या जागी माडी! राहिलं काय? भांडं, कापड, सुतळी.

गेलो बाळूशेटच्या दुकानात. त्याच्याकडे खिळ्यापासून लग्नाच्या मुंडावळ्यांपर्यंत सगळं मिळतं.

"बाळूशेट, एक नवं मडकं द्या. मांजरपाट द्या, पांढराशुभ्र. सुतळीचं एक बंडल. आणि हो, उदबत्तीचा मोठा पुडा." उदबत्ती वासावर उतारा म्हणून, बरं का.

तुमच्या लक्षात आलं ना? बघा, तुमच्या आलं. माझ्या नाही आलं!

बाळूशेटने डोक्यावरची टोपी काढली. "कोनासाठी, भाऊजी?"

"आबांसाठी."

"अरे देवा! ताई कुठं हाय?"

"अलिबागला. ती नाही तेच बरंय, उगाच गोंधळ घालते. ती यायच्या आत सगळं उरकायचंय."

बाळूशेट माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मांजरपाट किती देऊ?"

"अर्धा मीटर पुरे."

"अर्ध्यात काय व्हतंय? आबा काय लहान पोर हायेत?" असं म्हणून त्याने स्वतःच भराभरा फाडून दिलं. निघताना एरवी तो "या परत" म्हणतो. त्या दिवशी नाही म्हणाला. मला वाटलं, गडबडीत असेल.

घरी आलो. पुढच्या अंगणात तीन दगड मांडले, जाळ केला, वर तपेलं चढवलं. आत पांढरट धुवण, तळाशी डुक्कर. पडवीत नवं मडकं, त्यावर मांजरपाटाची घडी, शेजारी सुतळी. दोन उदबत्त्या लावल्या. आबा आतल्या खोलीत झोपले होते, धूर जाऊ नये म्हणून पुढचं दार ओढून घेतलं. आणि स्कूटरला किक मारून माडी आणायला किहीमला गेलो.

आता माडी म्हणजे ताजी आहे की नाही ते बघायला नको? बघितलं. एका ग्लासात कळेना, म्हणून अजून बघितलं. यायला उशीर झाला.

घराच्या वळणावर आलो, तर फाटकाबाहेर चपलाच चपला! पुरुष कुंपणाशी उभे, हळू आवाजात बोलतायत. बायका पडवीत, बंद दाराकडे तोंड करून, पदर तोंडाशी. माझ्या वाडीतून बांबू तोडल्याचा आवाज येतोय. आणि नामदेव, म्हणजे गावात कोणीही गेलं तरी सगळं पुढे होऊन करणारा माणूस, बाह्या सरसावून माझ्या तपेल्यापाशी उभा! हातात बादली.

"पानी लई कडक झालंय, विसण घाला!" असं म्हणत त्याने सबंध बादली आत रिकामी केली. मग तुळशीची पानं टाकली. मग दुसरी बादली.

मला सगळं एका क्षणात कळलं. म्हणजे सगळं चुकीचं कळलं.

मी तिकडे माडीची परीक्षा घेत होतो, आणि इकडे आबा गेले!

स्कूटर तशीच आडवी टाकली. "आबा!" अशी हाक मारली की कुंपणावरचे कावळे उडाले. "आबा, थोडं थांबायचं होतंत हो! आता शिजतच आलं होतं!"

"डोक्यावर परिनाम झाला भाऊजींच्या," कोणीतरी कुजबुजलं.

"आणि वास पन येतोय," दुसरा म्हणाला.

नामदेवने मला मिठीत घेतलं. "भाऊजी, असं करू नका. सकाळी तर लई खंबीर व्हतात. एकट्यानं सामान आनलंत, पानी ठेवलंत..."

तो काय बोलतोय ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी रडत होतो, खरंखुरं. दार उघडून आत बघायचं कोणालाच सुचलं नाही. त्यांना वाटत होतं, मी बघितलंय. मला वाटत होतं, त्यांनी बघितलंय. शिवाय लेक आल्याशिवाय आत कसं जायचं, म्हणून बायका थांबलेल्या. शेजारच्या बेबीकाकीने तर दुखवट्याच्या घरी चूल पेटायची नाही म्हणून केव्हाच पिठलं-भात टाकला होता. अलिबागला फोनही गेला होता.

"कधी कोनाला वाकडं बोलला न्हाय मानूस," एक म्हातारी म्हणाली.

"माझ्या पोरीच्या लग्नात रात्रभर पंगती वाढल्या," दुसरी म्हणाली.

मी हुंदके देत म्हणालो, "या तालुक्यात त्यांच्यासारखी थाप मारणारा दुसरा नाही हो!" लोक अजून रडले.

एवढ्यात मागच्या दाराने कोणीतरी घराला वळसा घालून आलं आणि बाळूशेटच्या शेजारी बाकावर टेकलं. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांवर झोप.

"कोन गेलं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

बाळूशेटची मान खाली. "आबा गेले."

"अरेरे! कुठले आबा?"

"आपलेच की."

"कधी?"

"सकाळी."

"मला कोनी बोललं न्हाय ते!"

"आमाला तर भाऊजींनी..." म्हणत बाळूशेटने मान वर केली.

त्यानंतर बाळूशेटने जी किंकाळी फोडली, ती रेवदंड्याच्या खाडीपलीकडे गेली असेल. उडी मारली ती थेट पडवीत, आणि मडक्यावर. मडक्याच्या ठिकऱ्या! बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, नामदेव बादलीसकट तुळशीमागे. जागचे हलले नाहीत ते फक्त आबा. आणि मी. मग जाऊन त्यांच्या पायांपाशी बसलो आणि त्यांचा हात धरून परत रडलो. या खेपेला आवाज न करता.

आबांनी मडक्याचे तुकडे बघितले, मांजरपाट बघितला, तोडून आणलेले बांबू बघितले. समुद्रावर तरुणपण काढलेला माणूस, त्याला वेळ लागला नाही.

"पळता कुठं सगळे?" ते म्हणाले. "बसा की! आता चांगलं बोलत व्हता. ती पंगतीची गोष्ट कोन सांगत व्हतं? पुरी कर, मी वाढली कशी ते मलाच आठवत न्हाय."

मग काय, लोक बसले. आबा मध्ये, गाव भोवती. ज्याला जे आठवेल ते तो सांगू लागला. आबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. मी त्या सगळ्यांच्या पाठीमागे तपेल्यात सोया सॉस ओतला, गूळ टाकला, उरलेली माडी टाकली. दोन बादल्या विसण आणि मूठभर तुळस आधीच होती. जाळ वाढवला आणि वाट बघितली.

आणि मग आबांनी चार तुकडे खाल्ले! बोटं चाटली, डोळे मिटले आणि म्हणाले, "कोबे!" अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात रिक्षा थांबली. सुनंदा रडत-ओरडत फाटकातून आत आली आणि खिळली. समोर आबा ताट पुसून पुसून जेवत होते. नेमका तेव्हाच त्यांनी एक भला मोठा ढेकर दिला.

ती त्यांना बिलगली. मग उठली, फुटलेलं मडकं, तपेलं आणि मी, असं सगळं नीट पाहून घेतलं. "अंगण धुवून ठेवा म्हटलं होतं ना मी?" एवढंच म्हणाली. आणि पदराआड हसायला लागली ती थांबेचना.

दुसऱ्या दिवशी मेहुणा गाडी घेऊन आला. आबा फाटकाशी उभे राहून त्याला म्हणाले, "काल मी मेलो व्हतो, आज बरा हाय. नाश्त्याला काय करताय?" गाडी पनवेलला परत गेली ती कांद्याच्या माळा घेऊन.

हं. आता ते जास्तीचं मीठ.

तुम्ही म्हणाल, आबा स्वतःच्याच दुखवट्याला येऊन बसले, ते खोटं. चुकलात! ते अक्षरशः तसंच झालं, बाळूशेटला विचारा. अजून माझ्या दारावरून जाताना तो पलीकडच्या कडेने जातो. बांबू खरे, बादल्या खऱ्या, मी रडलो तेही खरं.

खोटे आहेत ते चार तुकडे. आणि टाळ्या. आणि "कोबे".

आबांनी एकच तुकडा तोंडात घातला. अर्धाच, असं सुनंदाला बेबीकाकीने सांगितलंय. बराच वेळ चघळला, माझ्याकडे बघितलं, माझे डोळे अजून लाल होते म्हणून गिळला. मग बेबीकाकीकडे वळून म्हणाले, "माझ्या नावानं पिठलं टाकलंयस ना? मग मलाच वाढ की." आणि स्वतःच्या दुखवट्याचा पिठलं-भात दोनदा मागून घेऊन जेवले. ते पुसलेलं ताट पिठल्याचं होतं.

मी मात्र चिकाटीने विचारलंच, "आबा, खरं सांगा. जपानी कसं झालं होतं?"

आबांनी तपेल्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले,

"जावईबापू, पानी झकास तापलं व्हतं. अंघोळीलाच वापरायला पायजे व्हतंत."