आमचा आवळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सरिताला, माझ्या बायकोला, सांगायचं होतं. ते रोज उद्यावर ढकललं, आणि आता ती नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही आम्हाला ओळखत नाही, म्हणून जरा सोपं जातं.

तसं पाहिलं तर गोष्ट सुखाचीच आहे. गोंदियात कार्तिक लागला की ऊन मऊ होतं आणि रविवारी घरोघरचे डबे बागेत निघतात — आवळीभोजनाला. आवळ्याच्या झाडाची पूजा करायची, खोडाभोवती सूत गुंडाळत फेरे घालायचे आणि त्याच झाडाखाली बसून जेवायचं. सरिताला हा दिवस दिवाळीहून जास्त आवडायचा. सकाळीच पुऱ्या, वांग्याची भाजी, तांदळाची खीर. चटई रेवाकडे, बॉल ओमकडे. माझ्याकडे एखादं पुस्तक. स्कूटरवर आम्ही चौघं कसे मावायचो, कोण जाणे.

पहिल्या वर्षी ओम कडेवरच होता. बागेतल्या आवळ्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती, त्यात कुणी स्पीकर लावलेला. मला गर्दी सोसत नाही. पलीकडच्या कोपऱ्यात बारीक पानांचं एक झाड दिसलं, खाली कुणीच नव्हतं. मी म्हटलं, ‘हाही आवळाच आहे.’ सरिता शहरातच वाढलेली, राइस मिलच्या मागच्या गल्लीत. आवळा तिनं पाहिला तो बाजारातल्या टोपलीत. मी केशोरीकडचा, जंगल आमच्या दारात. तिनं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मलाही तो आवळाच वाटला होता.

वैशाखात बागेवरून जाताना पाहिलं — आमचा आवळा शेंड्यापर्यंत जांभळा फुललेला. नीलमोहर! मी रस्त्यातच हसलो. सरिताला सांगू, पोट धरून हसेल, असं मनात घोळवत घरी आलो. तर ती दारात उभी राहून शेजारणीला सांगत होती, ‘तुम्ही कायले त्या भीडमध्ये बसता, भाभी? आमच्या झाडाखाली या ना. यांनी शोधलं. जंगलाकडचे आहेत, यांना झाडाझाडाचा पत्ता पत्ता माहीत आहे.’ तिचा चेहरा — आता कसा सांगू? माझ्याबद्दल कुणापुढे तिला असं मिरवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मिरवण्यासारखं माझ्यात होतं तरी काय? मी चपला काढल्या आणि आत गेलो.

मग ते तसंच राहिलं. दर कार्तिकात ती फेरे घालायची आणि मी सुताचं रीळ धरून उभा राहायचो. एकदा ओमनं मान वर करून विचारलं, ‘बाबा, याले आवळे असे चपटे काऊन लागतात?’ वर नीलमोहराच्या तपकिरी शेंगा लोंबत होत्या. मी म्हटलं, ‘रानआवळा आहे तो. वाळला की चपटा होतो.’ त्यावर सरिता म्हणाली, ‘देखा! हे तुझ्या मॅडमलासुद्धा नाही येणार.’ सगळे हसलो. जेवण फार रुचलं त्या दिवशी. खोटं बोलून माणसाला इतकं सुख व्हावं का? — झालं, एवढं खरं.

इथपर्यंत तुम्हीही हसाल. मलाही इथेच थांबता आलं असतं.

पण शेवटच्या कार्तिकात ती आजारी होती. डॉक्टर जे बोलले ते आम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकलं होतं. एरवी ती देवाधर्मात फार नसायची, पण त्या वर्षी तिला एकही फेरा सोडायचा नव्हता. ‘पोरांसाठी मागते आहे,’ एवढंच म्हणाली. दर फेऱ्याला खोडाला हात टेकून दम घ्यायची. हाकेच्या अंतरावर बायका खऱ्या आवळ्याला फेरे घालत होत्या. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? ‘सरिता, चल तिकडे’ — एवढंच. मी नाही बोललो. पत्ता पत्ता माहीत असलेला तो माणूस तिच्या नजरेतून जाईल, ही भीती होती. झाडावर काय अवलंबून असतं, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण विश्वास माझा नव्हता, तिचा होता. तिचं मागणं भलत्याच झाडापाशी चाललं होतं आणि मी रीळ सोडत होतो — हळूहळू, सुताला गाठ पडू नये म्हणून.

या कार्तिकात पुऱ्या रेवानं केल्या. जाड, एका बाजूनं करपलेल्या. बागेत चटई अंथरून झाली तेव्हा मी म्हटलं, ‘हे झाड आवळ्याचं नाही.’

ओम आधी झाडाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. ‘म्हणजे बाबाले आवळाच नाही ओळखता येत!’ असं म्हणून तो चटईवर लोळायलाच लागला. ‘आणि आई साऱ्या कॉलनीत सांगत फिरायची,’ रेवा म्हणाली, आणि तिलाही हसू आवरेना. आईचं नाव निघाल्यावर दोघं हसली, ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मीही हसलो. ‘चुकलं माझं,’ म्हणालो. त्यांना वाटलं, झाड ओळखायला चुकलं. मी तसंच वाटू दिलं.

‘आता तिकडे जाऊ या का?’ मी विचारलं.

‘तिकडे कायले?’ रेवा म्हणाली. ‘आईचं तर इथे आहे.’ खोडाच्या खाचेत जुन्या सुताचे दोन-तीन वेढे अजून होते, मातकट झालेले. तिनं नव्या सुताचं टोक तिथेच बांधलं आणि रीळ माझ्याकडे दिलं. ‘नीट धरा, बाबा.’

ती फेरे घालू लागली. मागे ओम, डब्यातून पळवलेली पुरी खात. ऊन छान पडलं होतं. मी रीळ धरून उभा होतो, आणि मला माहीत होतं. त्या पहिल्या वैशाखापासून माहीत होतं.