न ऐकणारा संगणक

कुंभकोणम् येथे मी तीस वर्षे टंकलेखनाचा वर्ग चालवला. वर्गात कोणी हसलेले मला खपत नसे. एकच अपवाद झाला, आणि त्या दिवशी सर्वांत मोठ्याने मीच हसलो. ती हकीकत लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकात वर्गात बावीस यंत्रे होती आणि पहाटेपासून त्यांचा खडखडाट चाले. नव्वदचे दशक संपत आले तेव्हा सहा उरली होती. बसस्थानकाजवळ संगणकाचा वर्ग निघाला होता आणि मुले तिकडे वळत होती. दाराला कुलूप लावणे किंवा संगणक आणणे, असे दोनच मार्ग माझ्यापुढे होते. मी संगणक आणले. विजयादशमीला सकाळी दहा वाजता पहिला पाठ होईल, असे अकरा घरी कळवले. आमच्याकडे त्या दिवशी आरंभलेली विद्या टिकते असे मानतात. आरंभच फसला, तर अकराही मुले दुसऱ्या दिवशी बसस्थानकाकडे जाणार आणि मागे कुलूपच उरणार, याविषयी मला शंका नव्हती.

जोडणी जावयाने केली. तो पुण्याचा, संगणकाचा अभियंता. दसऱ्यासाठी आमच्याकडे आला होता. आमची तंजावरी मराठी ऐकून तो हरखून जाई. "सासूबाई बोलायला लागल्या की वाटतं, आता दारात घोडेस्वार येऊन खलिता देणार," असे तो म्हणे. मी हसत नसे.

त्याने एका संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवली. उरलेले तीन जुने होते. त्यांच्या पोटात साठवण नव्हती. जे हवे ते केबलीतून लिनक्सच्या संगणकाकडे मागायचे, अशी रचना होती. चाचणी झाली. चारही पडदे उजळले.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. तमिळ मुलखात त्या दिवशी प्रत्येक हत्याराला, प्रत्येक यंत्राला गंधकुंकू लावतात आणि त्याला विश्रांती देतात. गंध यंत्राच्या कपाळी लावून भागत नाही; काम जिथून आत शिरते तिथे लावावे, असा माझ्या वडिलांचा दंडक होता. टंकयंत्राला मी कागद जिथून आत जातो तिथे लावत असे. संगणकाचे ते स्थान मला ठाऊक नव्हते. मी जावयाला विचारले.

"मामा, मागे ही चौकोनी खाच दिसते ना? नेटवर्क कार्डाची. हा याचा कान समजा. बाकीची तिन्ही यंत्रं काय मागतात ते हा इथून ऐकतो," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

मी पूजा यथासांग केली. टेबल भिंतीला लावले. पूजेत मांडलेली वस्तू पहिला उपयोग होईपर्यंत जागची हलवायची नाही, हा दंडकही वडिलांचाच.

विजयादशमीला सकाळी आठ वाजता जावयाने संगणक सुरू केला. लिनक्सचा पडदा उजळला. उरलेले तीन काळेच राहिले.

त्याने आज्ञा देऊन कार्डाचा हिशेब पडद्यावर आणला. पाठवलेले संदेश भराभर वाढत होते. आलेले संदेश: शून्य.

"बोलतोय, पण ऐकत नाहीये," तो म्हणाला.

"तुमच्यासारखाच," माझी पत्नी मला म्हणाली.

जावयाने टेबल आणि भिंतीमधल्या फटीत हात घालून चाचपडत केबल बदलली. शून्य. सगळ्या केबली जिथे जुळतात त्या हबवरची जागा बदलली. तिथला दिवा लागला, म्हणजे हबला आमचे बोलणे पोचत होते. तरीही शून्य. मग संगणकाने कार्डाला आणि प्रिंटरला आत एकच क्रमांक दिला असावा आणि ते त्यावरून भांडत असावेत, असा त्याने तर्क केला. क्रमांक बदलला, संगणक बंद करून चालू केला. शून्य. साडेनऊ वाजले. मुले आणि त्यांचे वडील बाकांवर येऊन बसले. त्यांत तिरुभुवनम्‌चे एक रेशमाचे विणकर मुलीला घेऊन आले होते. ते सारखे घड्याळाकडे पाहत होते.

"मामा, कार्डाच्या मागे एक छोटा दिवा असतो. तो बघायलाच हवा. टेबल पुढे ओढू द्या."

"हलणार नाही."

"अहो, पावणेदहा झाले!" पत्नी म्हणाली. "हलवूं द्या. देवी टेबलाखालीं दबून नाहीं बसली."

मी त्या अकरा मुलांकडे पाहिले. "ओढा," म्हणालो. आयुष्यात वडिलांचा दंडक तेवढा एकच मोडला.

टेबल ओढले. दिवा विझलेला होता, म्हणजे कानात काहीच शिरत नव्हते. जावयाने केबल उपसली, तिचे टोक डोळ्यांजवळ नेले, मग नाकाजवळ नेले.

"मामा," तो अगदी हळू म्हणाला, "याला चंदनाचा वास येतोय."

"कानाला गंध," मी म्हणालो. "केबल काढून, दर्भाच्या काडीने. मधोमध."

"मधोमध!" जावई खालीच बसला. "काठच्या दोन तारा बोलण्याच्या. ऐकण्याच्या दोन बरोब्बर मधल्या!"

"तीस वर्षें सांगत आलें, थोडकें लावा," पत्नी म्हणाली. "ह्यांचें सगळें यथासांग!"

आणि मला हसू फुटले. आवरेना. टंकयंत्राला धरून उभा राहिलो, तर त्याची घंटा वाजली. त्याने आणखी हसू आले. मुले आधी घाबरली, मग तीही हसत सुटली.

हसतच मी खण उघडला. टंकयंत्राची अक्षरे साफ करायचा ताठ केसांचा ब्रश आणि स्पिरिटची बाटली त्यात जशीच्या तशी होती. जावई हात पुढे करीत होता. ब्रश मी दिला नाही. संगणक बंद करवून खाच मी स्वतः घासली, वाळू दिली. केबल बसवली. दिवा हिरवा झाला.

जावयाने आलेल्या संदेशांचा आकडा पडद्यावर आणला. एक. विणकर उठून उभे राहिले. "ओण्णु!" ते ओरडले. दोन. "रेण्डु!" सगळा वर्ग ओरडला. "मूणु! नालु!" बाकांवर हात आपटत मुले तमिळमध्ये मोजत होती, जावई पुणेरी मराठीत, पत्नी आमच्या मराठीत, आणि मी मोजता मोजता कोणत्या भाषेत गेलो ते मला सांगता येणार नाही. बाराच्या पुढे आकडा इतका धावला की कोणालाच गाठता येईना. एकामागून एक तिन्ही पडदे उजळले.

दहाला दोन मिनिटे कमी होती. पत्नीने गंधाची वाटी पुढे केली. आरंभाला गंध हवेच. मी बोट बुडवले. जावयाने तत्काळ दोन्ही हातांनी ती खाच झाकली.

मी गंध त्याच्या कपाळी लावले. मग वर्गाकडे वळलो आणि हसणे बंद करण्यास सांगितले. कोणी ऐकले नाही. पाठ दहा वाजता सुरू झाला.